झेनिटची हेलिओस सोनीवर लावताना: ॲडॉप्टरची जाडी आणि गोव्याची हवा

फोंड्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. वडिलांच्या कपाटात तीन जुन्या लेन्स सापडल्या आहेत: झेनिट कॅमेऱ्याबरोबरची हेलिओस ४४एम ५८ मिमी एफ/२, नुसते ‘याशिका’ आठवते अशी एक ५० मिमी, आणि निकॉनची मॅन्युअल ५० मिमी एफ/१.८. घरात सोनीची फुलफ्रेम मिररलेस आहे, भावाकडे निकॉन डी५६००. कोणती लेन्स कशावर बसेल, ॲडॉप्टर (लेन्स आणि कॅमेरा जोडणारी मधली रिंग) कसा निवडायचा, आणि हेलिओसच्या आत जाळ्यासारखे काही दिसते त्याचे काय करायचे?

शेवटचा प्रश्न आधी घेऊ. जाळे वाढत राहते, ॲडॉप्टर आठ दिवसांनी घेतला तरी चालतो.

खोली अंधारी करा, लेन्सचे ॲपर्चर (पात्यांनी लहान-मोठे होणारे प्रकाशाचे भोक) पूर्ण उघडा, मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेखाली धरा आणि समोरून थोडे तिरके बघा. सरळ बघितले तर डोळे दिपतात आणि काहीच कळत नाही. सुटे ठिपके दिसले तर ती धूळ, तिच्याकडे लक्ष देऊ नका. फोटोत ती दिसत नाही. झाडाच्या मुळांसारखे फाटे फुटत गेलेले धागे म्हणजे बुरशी. सगळ्या काचेवर सारखा पसरलेला धुरकटपणा हा बहुधा ग्रीसच्या वाफेचा थर असतो, तो पुसला जातो. काठाकडून आत सरकणारा इंद्रधनुषी पट्टा किंवा बुडबुडे दिसले तर दोन काचा चिकटवणारा बाल्सम सुटलेला आहे. त्याची दुरुस्ती होते, पण हेलिओससारख्या लेन्ससाठी तो खर्च करू नका, दुसरी लेन्स शोधा. मग ॲपर्चरच्या पात्या बघा. ॲपर्चर रिंग एफ/१६ वर नेऊन (ए-एम खटका असेल तर तो ए वर ठेवून) मागची पिन बोटाने दहा वेळा दाबून सोडा. पात्या दर वेळी झटकन हलल्या पाहिजेत. आळसावून सरकत असतील किंवा तेलाने चमकत असतील, तर ग्रीस वितळून पात्यांवर उतरले आहे.

बुरशी समोरच्या किंवा मागच्या काचेच्या आतल्या बाजूला असेल तर घरी काढता येते. नाव लिहिलेली समोरची रिंग रबराच्या बुचाने दाबून डावीकडे फिरवली की सुटते. तिच्याखाली दोन खाचांची रिंग दिसली तर लेन्स स्पॅनरच वापरा, कात्री किंवा डिव्हायडर घसरला की काचेवर कायमचा चरा पडतो. काच उचलण्याआधी तिच्या काठावर पेन्सिलने वरची बाजू दाखवणारी खूण करा आणि प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा, कारण उलटी बसवलेली काच बसते अगदी नीट, फक्त फोटो बिघडतो. आधी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, लिंट न सोडणाऱ्या कापडावर दोन थेंब घेऊन, मध्यापासून काठाकडे गोलाकार पुसा. तेवढ्याने गेले नाही तर हायड्रोजन पेरॉक्साइड. फार्मसीत मिळणारे ‘२० व्हॉल्यूम’ सुमारे ६ टक्क्यांचे असते. त्यात तितकेच डिस्टिल्ड वॉटर घातले की ३ टक्के होते. भिजवलेला बोळा मिनिटभर बुरशीवर ठेवा, पुसा, शेवटी पुन्हा अल्कोहोलने पुसा. नळाचे पाणी नको, त्यातल्या क्षारांचे डाग राहतात. एवढे करूनही धाग्यांचे पुसट ठसे दिसत असतील, तर बुरशीच्या आम्लाने काचेवरचा थर खाल्ला आहे. ते ठसे घासून जाणार नाहीत; घासू नका. पुसट ठशांनी फोटोत फरक पडतो तो फक्त प्रकाश समोरून आला की.

हेलिकॉइड, म्हणजे फोकसची पेचदार नळी, मात्र पहिल्या खेपेला उघडू नका. तिला अनेक आट्यांची सुरुवात असते आणि ती नेमकी कुठे सुटली याची खूण राहिली नाही तर परत बसवताना इन्फिनिटी, म्हणजे खूप दूरच्या वस्तूंवरचा फोकस, हरवते. फोकस रिंग जड फिरते म्हणून डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे तर कधीच मारू नका. तो जुने ग्रीस पातळ करतो, आणि आठवड्याभरात ते पात्यांवर पोचते.

आता माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्यावर बसवण्याचा जोड. ‘याशिका’ या नावावरून माउंट कळत नाही. याशिकाच्या टीएल इलेक्ट्रोसारख्या कॅमेऱ्यांना एम४२ हा आट्यांचा माउंट होता, एफएक्स-३ सारख्यांना काँटॅक्स-याशिका बायोनेट, म्हणजे कान अडकवून फिरवायचा माउंट. लेन्स उलटी करून बघा: आटे असतील तर बाहेरचा व्यास पट्टीने मोजा, तीन कान असतील तर बायोनेट. झेनिटची बहुतेक मंडळी एम४२ची, पण जुन्या झेनिटच्या काही लेन्स ३९ मिमी आट्यांच्या आहेत. इथे घोळ होतो. लायकाच्या जुन्या रेंजफाइंडर लेन्सचे आटेही ३९ मिमीचेच, मात्र त्यांचे फ्लँज अंतर (ते म्हणजे काय, हे पुढच्या परिच्छेदात) २८.८ मिमी आणि झेनिटच्या ३९ मिमीवाल्या लेन्सचे ४५.२ मिमी. झेनिटची लेन्स लायका स्क्रूच्या ॲडॉप्टरवर व्यवस्थित फिरून बसते आणि मग जवळचे-दूरचे काहीच फोकस होत नाही. लेन्स बिघडलेली नसते. ॲडॉप्टर सोळा-साडेसोळा मिलिमीटरने तोकडा पडलेला असतो.

फ्लँज अंतर म्हणजे लेन्स जिथे टेकते त्या धातूच्या चकतीपासून सेन्सरपर्यंतचे अंतर. या सगळ्या प्रकरणाचा गाभा एवढाच आहे. एम४२ आणि पेंटॅक्स केचे ४५.४६ मिमी, काँटॅक्स-याशिकाचे ४५.५, निकॉन एफचे ४६.५, ऑलिंपस ओएमचे ४६, मिनोल्टा एमडीचे ४३.५, कॅनन एफडीचे ४२. मिररलेसमध्ये आरसा नाही म्हणून अंतर कमी: सोनी ई १८, निकॉन झेड १६, कॅनन आरएफ २०, फुजी एक्स १७.७, मायक्रो फोर थर्ड्स १९.२५. मोठ्यातून लहान वजा करा, ती ॲडॉप्टरची जाडी. हेलिओस सोनीवर लावायला ४५.४६ वजा १८, म्हणजे २७.४६ मिमी. निकॉनची ५० मिमी सोनीवर लावायला २८.५.

भावाच्या डी५६००चे गणित उलटे पडते. निकॉन एफचे ४६.५ हे एम४२पेक्षा १.०४ मिमी जास्त आहे. ॲडॉप्टर शून्य जाडीचा असता तरी हेलिओस तेवढी पुढेच राहणार. ५८ मिमी लेन्स एक मिलिमीटर पुढे राहिली की सव्वातीन मीटरच्या पलीकडे फोकस जात नाही, आणि ॲडॉप्टरच्या धातूची जाडी धरली तर मर्यादा दीड-दोन मीटरवर येते. चेहऱ्याचे फोटो निघतात, मांडवीवरचा पूल निघत नाही. मध्ये काच बसवलेले ॲडॉप्टर इन्फिनिटी देतात, पण ती स्वस्त काच एफ/२ ला सगळे मऊ करून टाकते, मग हेलिओस लावण्यात अर्थ राहत नाही. डी५६००वर निकॉनची ५० मिमीच लावा. ती सरळ बसते. कॅमेऱ्याचे उजेड मोजणारे मीटर चालणार नाही, मोड एम (मॅन्युअल) वर ठेवायचा, एक फोटो काढून हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघायचा आणि शटर जुळवायचे.

जाडीतली चूक किती महागात पडते, हे काढायला एक सोपे सूत्र आहे: फोकल लांबीचा वर्ग भागिले चूक, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ॲडॉप्टर ०.१ मिमी जाड असेल तर ५० मिमी लेन्स २५ मीटरच्या पुढे फोकस होणार नाही. २८ मिमी लेन्स तर ७.८ मीटरवरच थांबेल. म्हणून जाड ॲडॉप्टर परत करायचा, कानशीने घासत बसायचे नाही. घासताना तो एका बाजूने उतरता होतो आणि फोटोचा एक कोपरा कायमचा धूसर राहतो. बनवणारेही हे जाणतात, त्यामुळे बहुतेक स्वस्त ॲडॉप्टर मुद्दाम किंचित पातळ कापलेले असतात. पातळ ॲडॉप्टरने इन्फिनिटी मिळते, पण रिंगवरच्या आकड्यांच्या आधी. ०.१ मिमी पातळ असेल तर ५० मिमी लेन्सची इन्फिनिटी २५ मीटरच्या खुणेजवळ येते, २८ मिमीची आठ मीटरच्या खुणेजवळ. स्क्रीनवर बघून फोकस करणाऱ्याला काही फरक पडत नाही. शिगम्याच्या मिरवणुकीत रिंगवर तीन मीटर लावून डोळ्यांच्या भरवशावर फोटो काढणाऱ्याला मात्र पडतो.

मोजायला डिजिटल कॅलिपर पुरे. ॲडॉप्टरच्या पुढच्या चकतीपासून मागच्या चकतीपर्यंत, घड्याळाच्या १२, ३, ६ आणि ९ च्या जागी, अशी चार मापे घ्या. चारही एकमेकांपासून ०.०३ मिमीच्या आत असावीत. एकूण जाडी कमी असली तरी चालेल, चार मापांत फरक नको. पातळ ॲडॉप्टर सुधारायचा असेल तर लेन्सच्या बाजूची रिंग धरणारे चार किंवा सहा बारीक पेच सोडा आणि रिंगखाली शिम, म्हणजे जाडी भरून काढणारी पातळ चकती, घाला. घरातली ॲल्युमिनियम फॉइल साधारण ०.०१ ते ०.०२ मिमीची असते, थंड पेयाच्या कॅनचा पत्रा ०.१ मिमीच्या आसपास. कॅनचा पत्रा कात्रीने कापला की कडेला बारीक मुरड उभी राहते. ती काचेच्या पाठीवर दाबून सपाट केल्याशिवाय घालू नका, नाहीतर मुरडीचीच जाडी मोजली जाते. शिम पूर्ण गोल कापा. तुकडे ठेवले तर पेच आवळताना रिंग तिरकी होते.

इन्फिनिटी तपासायला समोरचे झाड किंवा शेजारचे घर चालत नाही. मिरामारच्या किनाऱ्यावरून आग्वादचा डोंगर, किंवा संध्याकाळनंतर दोना पावलाहून दिसणारे मुरगाव बंदराचे दिवे हे चांगले लक्ष्य. दुपारी समुद्रावरची हवा थरथरते, त्यात सगळेच मऊ दिसते. सकाळी लवकर जा. ॲपर्चर पूर्ण उघडे, कॅमेरा ट्रायपॉडवर, स्क्रीन जास्तीत जास्त मोठी करून रिंग शेवटापर्यंत फिरवा. सर्वांत स्पष्ट जागा शेवटच्या किंचित आधी आली तर ॲडॉप्टर ठीक आहे. शेवटाला टेकूनही ‘अजून थोडे हवे होते’ असे वाटले तर तो जाड आहे.

एम४२मध्ये एक किरकिर हमखास येते: लेन्स पूर्ण आवळली की आकड्यांची खूण वर न येता बाजूला किंवा खाली जाते. बऱ्याच ॲडॉप्टरच्या कडेला सारख्या अंतरावर तीन अगदी बारीक पेच असतात. ते अर्धा वळसा ढिले करा, लेन्ससकट आतली रिंग फिरवून खूण वर आणा आणि तिन्ही पेच आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एकच पेच आधी पूर्ण आवळला तर रिंग एका बाजूला सरकते. दुसरी गोष्ट पिनेची. हेलिओस ४४एमवर ए-एम खटका असतो. तो एम वर ठेवला की ॲपर्चर रिंग फिरवाल तशा पात्या मिटतात. खटका नसलेल्या लेन्सना पिन दाबून ठेवणारी आतली कड असलेलाच ॲडॉप्टर लागतो, नाहीतर रिंग कितीही फिरवा, लेन्स एफ/२ वरच राहते. कडेने पिन फार आत ढकलली आणि फोकस रिंग अडखळू लागली, तर मात्र बिनकडेचा ॲडॉप्टर आणि खटक्याची लेन्स हीच जोडी बरी.

ॲडॉप्टरची आतली बाजूही बघाच. लेन्स काढून नुसता ॲडॉप्टर उजेडाकडे धरा आणि आत डोकवा. भिंत चमकत असेल तर गोव्यातल्या उन्हात, पांढऱ्या चर्चच्या भिंतीसमोर किंवा वाळूवर, एफ/११ ला फोटोच्या मध्यभागी फिकट डाग पडतो आणि काळे रंग राखाडी होतात. लेन्सचा दोष समजून लोक लेन्स विकून टाकतात. आतून मॅट काळा रंग किंवा मागे गोंद असलेला काळा मखमली कागद लावला की निम्म्याहून अधिक त्रास जातो. कागदाची कड आट्यांपासून दोन मिलिमीटर दूर ठेवा, आणि धागे सुटत असतील तर तो वापरू नका, सेन्सरवर पडतात. उरलेला त्रास हूडने, म्हणजे लेन्सपुढे लावायच्या सावलीच्या कडीने, घालवा. जुन्या लेन्सचे कोटिंग आजच्यासारखे नाही, त्यामुळे हूड कायम लावलेला बरा.

सोनीच्या मेनूत ‘रिलीज विदाउट लेन्स’ हे ‘एनेबल’ करा. फुजीत ‘शूट विदाउट लेन्स’ आणि कॅनन आरमध्येही याच अर्थाचा पर्याय आहे. हे विसरले की शटर दबतच नाही आणि माणूस ॲडॉप्टरला दोष देतो. स्टेडीशॉट (सोनीचे हादरे रोखणारे स्थिरीकरण) ‘मॅन्युअल’ वर नेऊन ५८ भरा, यादीत नसेल तर जवळचा आकडा. क्रॉप सेन्सर (फुलफ्रेमपेक्षा लहान) असला तरी लेन्सवर लिहिलेला आकडाच भरायचा, १.५ ने गुणायचे नाही. चुकीच्या आकड्याने स्थिरीकरण उलट हलवते. ए मोड (शटर कॅमेरा ठरवतो तो) नीट चालतो, कारण मीटर प्रत्यक्ष आत येणारा प्रकाश मोजतो. ऑटो आयएसओ वापरत असाल तर किमान शटर स्वतः १/१२५ वर बांधा, कॅमेऱ्याला फोकल लांबी माहीत नसल्याने तो १/६० सारख्या ठराविक वेगावर थांबू शकतो. आणि उन्हात एफ/२ वर १/१००० पेक्षा जलद शटर लागत असेल तर मेनूतले इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन शटर बंद करा. तो चालू असला की मागचे धूसर गोल अर्धे कापल्यासारखे दिसतात, फ्रेमचा उजेडही वरखाली होतो.

फोकस पीकिंगवर, म्हणजे स्पष्ट कडा रंगीत रेषेने दाखवणाऱ्या सोयीवर, एफ/२ ला विसंबू नका. लाल रेषा डोळ्यावरही येते आणि कानावरही. पीकिंग ‘लो’ वर ठेवून जागा ढोबळ शोधा, मग मॅग्निफायरने पापणीवर जुळवा. मॅग्निफायरला एक बटण नेमून द्या. मेनूतून शोधावे लागले तर माणूस तोवर हललेला असतो. एफ/४ च्या पुढे मिटायचे असेल तर आधी उघड्या ॲपर्चरवर फोकस करा, मग मिटा. एफ/२.८ सारख्या मधल्या ॲपर्चरला मात्र फोटो ज्यावर काढायचा त्याच ॲपर्चरवर जुळवलेले बरे, काही वेगवान लेन्समध्ये मिटताना फोकस किंचित सरकतो.

हेलिओसचा प्रसिद्ध भोवरा, म्हणजे फिरल्यासारखी दिसणारी धूसर पार्श्वभूमी, सगळीकडेच मिळत नाही. माणूस दीड ते तीन मीटरवर, त्याच्यामागे पाच-दहा मीटरवर पानांतून झिरपणारा उजेड, आणि एफ/२. फोंड्याजवळच्या कुळागरापेक्षा चांगली पार्श्वभूमी यासाठी सुचत नाही: पोफळींच्या झावळ्यांमधले शेकडो लहान उजेडाचे ठिपके कडेकडे जाताना लिंबाच्या फोडीसारखे होतात आणि मध्याभोवती फिरल्यासारखे दिसतात. हा भोवरा फ्रेमच्या कडेला असतो, त्यामुळे क्रॉप सेन्सरवर बराचसा कापला जातो. तुमची सोनी फुलफ्रेम आहे, तो पूर्ण मिळेल.

पुढे कधी पेंटॅक्सची टाकुमार ५० मिमी एफ/१.४ हाती लागली आणि काच चहासारखी पिवळी दिसली, तर ते थोरियम मिसळलेल्या काचेचे पिवळेपण आहे, बुरशी नाही. अतिनील एलईडी दिव्याखाली काही दिवस ठेवली की बरीच उतरते. गोव्याच्या उन्हात ठेवण्याचा मोह टाळा: ग्रीस वितळते, आणि लेन्स भिंगासारखी किरणे एकवटून खालचे कापड पेटवू शकते. थोरियमची काच फोडू किंवा घासू नका, एवढी काळजी पुरे.

राहिली साठवण. पावसाळ्यात आपल्याकडे खोलीतली आर्द्रता सहज ८५-९० टक्के असते आणि बुरशीला ६५ च्या वर आठवडे मिळाले की पुरते. जुने लोक कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवत. त्यामागे तर्क आहे, पण हिशेब अपुरा पडतो: २८ अंश आणि ९० टक्क्यांची हवा ३२ अंशांवर नेली तर आर्द्रता ७२ टक्क्यांच्या आसपास येते, आणि पन्नासवर आणायला ३८ अंश लागतात, ज्याला ग्रीस वाहायला लागते. एलईडी बल्ब तर तापतच नाही. विजेचे ड्राय कॅबिनेट ४५ ते ५० टक्क्यांवर लावून ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. ३० च्या खाली नेऊ नका. तेवढा खर्च नको असेल तर रबरी कड असलेला दहा लिटरचा हवाबंद डबा, २०० ग्रॅम रंग बदलणारे सिलिका जेल आणि एक छोटा हायग्रोमीटर घ्या. निळे जेल गुलाबी झाले की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास, त्यात अन्न शिजत नसताना. हायग्रोमीटर आधी तपासा: बाटलीच्या बुचात मीठ घेऊन पाण्याच्या थेंबांनी ओलसर लापशी करा, ते आणि हायग्रोमीटर झिप पिशवीत बारा तास ठेवा. काटा ७५ दाखवायला हवा. ८० दाखवला तर पुढे प्रत्येक आकड्यातून पाच वजा करा. वडिलांची चामड्याची लेन्स-केस आठवण म्हणून जपा, पण लेन्स तिच्यात ठेवू नका. चामडे ओल धरून ठेवते.

किनाऱ्यावरून परतल्यावर डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेल्या कापडाने आधी मीठ पुसा, मग कोरडे करा, आणि ॲडॉप्टर लेन्सवरून काढून ठेवा. मिठासकट पावसाळाभर आवळून राहिलेले ॲल्युमिनियमचे आटे एकमेकांना धरतात. धरलेच, तर दोन्ही हातांत रबरी हातमोजे घालून रिंग सगळीकडून सारखी पकडून फिरवा. दोन बोटांनी चिमटलेली रिंग लंबगोल होऊन उलट घट्ट बसते. जुन्या लेन्सला पाणी अडवणारे रबर नसते आणि ॲडॉप्टरने सांधा एकाचा दोन केलेला असतो, त्यामुळे पावसात दोन्ही सांध्यांवर प्लॅस्टिक हवेच. एसीच्या खोलीतून किंवा गाडीतून जुलैच्या हवेत येताना लेन्स झिप पिशवीत बंद करून आणा, नाहीतर बाहेर काढल्याबरोबर काचेवर, आतूनसुद्धा, दव धरते. अर्धा-पाऊण तास लागतो. पिशवी हाताला गार लागत असेल तर उघडू नका, अजून वेळ आहे.